हात बांधू नका, चष्मा परत द्या!

आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर एक तक्रार जवळजवळ रोज ऐकू येते. "कालपर्यंत चांगले बोलत होते हो! रात्रीतून काय झालं कळत नाही. मला ओळखत नाहीत, नर्सला शिव्या देतायत. बाबांनी आयुष्यात कधी शिवी दिली नव्हती." यावर आतून येणारं उत्तरही ठरलेलं असतं. "वय झालंय ना, होतं असं. रात्रभर सलाइन उपटत होते, म्हणून हात बांधलेत. इंजेक्शन दिलंय, झोपतील आता."

या उत्तरात तीन गोष्टी आहेत : वयाचं कारण, हाताच्या पट्ट्या आणि झोपेचं इंजेक्शन. या तिन्हींवर माझा आक्षेप आहे. डॉक्टर असूनही आहे, आणि डॉक्टर आहे म्हणूनच जास्त आहे.

या अवस्थेला नाव आहे

ही अवस्था म्हणजे डिलिरियम. पुस्तकी मराठीत तिला 'मुग्धभ्रांती' म्हणतात. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ नांगराची सरी सोडून भरकटणं. आपल्या आज्या-पणज्यांकडे यासाठी साधा शब्द होता. तापात माणूस बरळायला लागला की त्या म्हणायच्या, "वात झाला." त्यामागचा अर्थही त्यांना ठाऊक असायचा : दुखणं वाढलंय, वैद्याला बोलवा. आज आपल्याकडे रक्ताच्या शंभर तपासण्या आहेत, पण 'वात झाला' म्हटल्यावर आजीला जी धास्ती वाटायची ती मात्र आपण घालवून बसलो आहोत.

हार्ट फेल होतं, किडनी फेल होते, तसाच आजारपणाच्या ताणाखाली मेंदूही अचानक फेल होऊ शकतो. त्याची लक्षणं अशी :

- बदल अचानक होतो, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत.
- तो कमी-जास्त होतो. सकाळी राउंडच्या वेळी रुग्ण बरा वाटतो, दिवेलागणीनंतर बिघडतो.
- लक्ष टिकत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर मध्येच तुटतं, रुग्ण दुसरंच काही बोलू लागतो.
- बोलणं विस्कळीत होतं, नसलेली माणसं-प्राणी दिसतात, किंवा माणूस एकदम सुस्त होतो.

यातला शेवटचा प्रकार नीट लक्षात ठेवा. डिलिरियम म्हणजे आरडाओरडा, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात बरेच रुग्ण एकदम गप्प होतात. हाक मारली तर डोळे उघडतात, पुन्हा मिटतात, जेवण तसंच पडून राहतं. वॉर्डात सगळे म्हणतात, "आजी किती शांत आहेत!" ओरडणाऱ्याकडे निदान कुणीतरी धावतं. गप्प झालेल्या रुग्णाचा डिलिरियम कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि मग त्यामागचा आजारही मागे पडतो.

हे डिमेन्शियापेक्षा, म्हणजे स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळं आहे. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. डिलिरियम रातोरात येतो. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला डिलिरियमचा धोका मात्र जास्त असतो, म्हणून 'त्यांना आधीपासूनच विसरायला होतं' हे ऐकून कुणी गाफील राहू नये.

दोन रात्रींचा त्रास, एवढंच?

"दोन दिवसांत उतरेल" असं म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. अनेकदा तो उतरतोही. पण डिलिरियम झालेल्या रुग्णाचा रुग्णालयातला मुक्काम वाढतो, पडण्याचा धोका वाढतो आणि मृत्यूचाही धोका वाढतो. अमेरिकेत आयसीयूतल्या ८२१ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात असताना डिलिरियम झाला. वर्षभरानंतर तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची बुद्धीची कामगिरी सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतकी खाली आलेली होती. डिलिरियम जितके दिवस टिकला, तितकी पुढची घसरण जास्त दिसली.

म्हणजे निमोनिया बरा झाला, बिल भरलं, पेढे वाटले आणि घरी आलेले बाबा हिशेबाची वही उघडून नुसतेच बसले. असं घडलं तर त्याचं मूळ त्या 'दोन रात्रीं'त असू शकतं.

'वय झालं' हे निदान होऊ शकत नाही

जुन्या घराला गळती लवकर लागते हे खरं. पण पाणी कुठून येतंय हे न शोधता "घर जुनं आहे" एवढंच सांगून निघून जाणारा गवंडी आपण ठेवू का?

वयामुळे मेंदूची ताण सोसण्याची ताकद कमी होते. ताण मात्र दुसरीकडून आलेला असतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, घसरलेलं सोडियम, कमी-जास्त झालेली साखर, शरीरातलं पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं, ऑपरेशननंतरची न सांगता आलेली वेदना. कधी कारण अगदी साधं असतं. लघवी तुंबलेली असते, किंवा चार दिवस शौचाला झालेलं नसतं. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजींच्या बाबतीत यातली तीन-चार कारणं एकाच वेळी हजर असतात.

औषधं हे मोठं कारण आहे आणि ते आमच्याच हातून घडतं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, कंपवातासाठीचं ट्रायहेक्सीफेनिडिल, ॲमिट्रिप्टिलीन. तरुण माणूस पचवतो ती मात्रा ऐंशीच्या घरातल्या मेंदूला जड जाते. उलट, वर्षानुवर्षं रोज घेतलेली झोपेची गोळी रुग्णालयात अचानक बंद झाली तरी डिलिरियम होऊ शकतो.

दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यावर एकदम सुटते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी थरथर, घाम, भास सुरू होतात. याचे उपचार वेगळे आहेत आणि वेळेवर केले नाहीत तर हे जिवावर बेततं. म्हणून दाखल करतानाच खरं सांगा. "कधीतरी घेतात" असं म्हणून झाकलेली अब्रू रुग्णाला फार महागात पडते.

तेव्हा "वय झालं" हे उत्तर मिळालं की नम्रपणे पुढचा प्रश्न विचारा : "वय तर परवाही एवढंच होतं. कालपासून नवीन काय झालं?"

पट्ट्यांनी काय साधतं?

रुग्णाच्या जागी बसून पाहा. अनोळखी खोली आहे. तोंडावर मास्क लावलेली माणसं येतात, सुया टोचतात. तुमची अशी ठाम समजूत झाली आहे की कुणीतरी तुम्हाला पळवून आणलंय. तुम्ही उठायचा प्रयत्न करता आणि ती माणसं तुमचे हात पलंगाला बांधतात. आता तुमचा संशय फिटेल की पक्का होईल?

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. रुग्णालयात डिलिरियम कशामुळे ओढवतो याचा अभ्यास डॉ. शेरॉन इनूये यांनी अमेरिकेत केला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच कारणं पुढे आली : हातपाय बांधणं, कुपोषण, तीनपेक्षा जास्त औषधांची नव्याने भर, लघवीची नळी आणि उपचारांतून उद्भवलेली एखादी इजा. डिलिरियमवरचा 'उपाय' म्हणून आपण जे करतो, तेच या यादीत कारण म्हणून आलेलं आहे.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या ९७व्या कलमानुसार मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला बांधायचं असेल तर त्याला किंवा इतरांना तात्काळ इजा टाळण्याचा तो एकमेव मार्ग असावा लागतो. मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, गरजेपेक्षा जास्त वेळ बांधता येत नाही आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून तर बांधताच येत नाही. हे कलम मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे. पण विचार करा, मनोरुग्णालयात जे इतक्या अटींशिवाय करता येत नाही, ते हाडांच्या वॉर्डात रात्रपाळीला पट्टीच्या एका गाठीने होऊन जातं. आपल्या आजीची किंमत तिथे कमी होते का?

नर्सवर राग काढू नका. एका नर्सकडे नको इतके रुग्ण देऊन वर "एकही नळी निघता कामा नये" असं बजावलं तर ती बांधणारच. हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे, आणि तो तिच्या हातून घडवून घेतला जातो.

कधीच बांधू नये, असं मी म्हणत नाही. व्हेंटिलेटरची नळी रुग्ण उपसतोय आणि दुसरा कुठलाही मार्ग चालत नाही, अशी वेळ येते. तेव्हा डॉक्टरांचा लेखी आदेश हवा, कारण लिहिलेलं हवं, मुदत ठरलेली हवी, दर काही वेळाने हात सोडून तपासणी हवी आणि घरच्यांना कळवलेलं हवं. त्याआधी सोप्या गोष्टी करून बघायला हव्यात. ज्या नळीची गरज संपली आहे ती काढून टाका, विशेषतः लघवीची. सलाइनची जागा बाहीखाली झाका. आणि त्या हाताला पट्टीऐवजी एक ओळखीचा हात द्या.

इंजेक्शनने माणूस झोपतो, डिलिरियम जात नाही

बरेचदा हे इंजेक्शन नातेवाईकच मागतात. "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या, बघवत नाही." त्यांची तगमग खरी असते. पण अमेरिकेत आयसीयूतल्या डिलिरियमच्या ५६६ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. काहींना हॅलोपेरिडॉल दिलं, काहींना झिप्रासिडोन, काहींना नुसतं सलाइनचं पाणी. डिलिरियम किती दिवस टिकला यात तिन्ही गटांत फरक पडला नाही.

रुग्ण भीतीने कासावीस झालाय किंवा स्वतःला इजा करून घेईल अशी स्थिती आहे, तर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी असं औषध द्यावं लागतं. ते जरूर द्यावं. लोराझेपामसारखी गुंगीची औषधं मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुटल्यामुळे झालेला डिलिरियम सोडला तर बहुधा गोंधळ वाढवतात. कारण न शोधता नुसतं इंजेक्शन देत राहिलं, तर ओरडणारा रुग्ण गप्प रुग्ण होतो. वॉर्ड शांत होतो, सोडियम मात्र तिथेच असतं.

त्या पिशवीत काय काय जातं?

आयसीयूत दाखल करताना नातेवाईकांच्या हातात एक पिशवी दिली जाते. मंगळसूत्र, अंगठी, घड्याळ. त्यातच चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन. "हरवायला नको, घरी न्या."

दागिने घरी न्या, जरूर न्या. पण चष्मा काढला म्हणजे माणसाची दृष्टी काढली. कानाचं मशीन काढलं की "आजी, घाबरू नका" हे वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नाही. कवळी नाही म्हणून जेवण नाही आणि बोललेलं कुणाला समजत नाही. वर खोलीला खिडकी नाही, दिवे चोवीस तास चालू, यंत्रांची टिवटिव, पहाटे चारला रक्त, पाचला अंग पुसणं. दिवस कोणता, वेळ कोणती, आपण कुठे आहोत, हे कुणी सांगत नाही. अशा खोलीत धडधाकट माणूसही तीन रात्रींत गोंधळेल.

हे उलटं फिरवलं तर काय होतं, ते डॉ. इनूये यांनीच दाखवून दिलं आहे. येल न्यू हेवन रुग्णालयात सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांची काही साधी काळजी घेतली गेली : चष्मा आणि कानाचं मशीन वापरायला दिलं, वेळेवर पाणी पाजलं, रोज उठवून चालवलं, रात्री शांतता ठेवली, झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठीला मालिश दिलं, दिवस-वार सांगत गप्पा मारल्या. नेहमीच्या सेवेत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. म्हणजे साधारण एक तृतीयांश रुग्ण वाचले, आणि तेही एकाही नव्या औषधाशिवाय. मात्र एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर त्याच्या तीव्रतेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हा जे काही करायचं ते पहिल्या दिवसापासून करायला हवं. भास सुरू झाल्यावर चष्मा शोधायला धावून फारसा उपयोग नाही.

येलमध्ये या कामासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक होते. आपल्याकडे ते शोधावे लागत नाहीत. ते बाहेरच्या बाकड्यावर, चटईवर, जिन्याखाली रात्र काढत असतात. फक्त त्यांना दाराबाहेर ठेवलेलं असतं.

भेटीची वेळ : सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास

आत का सोडत नाही, असं विचारलं की 'इन्फेक्शन' हे उत्तर मिळतं. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंमध्ये हे तपासून पाहिलं गेलं. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. दिवसाला बारा तासांपर्यंत जवळच्या माणसाला आत बसू दिलं, तरी आयसीयूतला जंतुसंसर्ग वाढला नाही. घरच्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं. डिलिरियमच्या प्रमाणात मात्र दखल घेण्याजोगा फरक पडला नाही : १८.९ टक्के आणि २०.१ टक्के.

मी हा आकडा लपवत नाही, कारण त्यातूनही शिकण्यासारखं आहे. नुसतं दार उघडून पुरत नाही. आत बसलेल्या मुलीने मोबाइल बघत बसायचं की आईला चष्मा लावून, पाणी पाजून, वार सांगून जागं ठेवायचं, हे तिला कुणीतरी शिकवायला हवं. पण आधी ती आत तर हवी! इन्फेक्शनची सबब तरी आता टिकत नाही.

ब्रिटनमध्ये लेखिका निकी जेरार्ड यांचे वडील डॉ. जॉन जेरार्ड यांना स्मृतिभ्रंश होता. २०१४ साली ते पाच आठवडे रुग्णालयात राहिले, भेटीवर कडक बंधनं होती. बाहेर आले ते पार खचून, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. निकी जेरार्ड आणि जूलिया जोन्स यांनी 'जॉन्स कॅम्पेन' सुरू केलं. मागणी एकच : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या माणसाला त्याच्याजवळ राहू द्या. तिथल्या अनेक रुग्णालयांनी ती मान्य केली. आपल्याकडे तर आजाऱ्याजवळ कुणीतरी बसायचं ही रीतच आहे. ती आपण फक्त 'पाहुण्यांची गर्दी' म्हणून हाकलून दिली.

गर्दीचा दोष मात्र आपलाही आहे. पंधरा जणांनी फळांच्या पिशव्या घेऊन आत घुसायचं, पलंगाशेजारी रडायचं, नर्सशी भांडायचं, हे करून आपणच दारं बंद करायला कारण देतो. एका वेळी एक माणूस, हात धुतलेले, आवाज हळू. एवढी शिस्त आपण पाळली तर आपली मागणी वजनदार होईल. आणि "करणी झाली, अंगारा लावा" म्हणणाऱ्याला आधी रक्ताचा रिपोर्ट आणायला पाठवा.

घरच्यांनी काय करायचं?

- दाखल करताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी द्या. झोपेची गोळी, दारू, काढे, काही लपवू नका.
- चष्मा, कानाचं मशीन (जादा सेलसह) आणि कवळी नावाची चिठ्ठी लावून रुग्णाजवळच ठेवा. मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कॅलेंडर दिसेल असं लावा.
- दर भेटीत नाव, नातं, वार, वेळ, जागा सांगा. "ओळखलं का मला?" अशी परीक्षा घेऊ नका. "आई, मी सुमन, आज मंगळवार, आपण दवाखान्यात आहोत" असं सांगा.
- भासावर वाद घालू नका. "कुठेय साप? काहीतरीच!" यापेक्षा "मी आहे इथे, काही होऊ देणार नाही" हे उपयोगी पडतं.
- डॉक्टरांच्या परवानगीने पाणी पाजा, बसवा, चालवा. दिवसा उजेड, रात्री अंधार.
- "हे आमचे नेहमीचे बाबा नाहीत" हे वाक्य डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नेहमीचे बाबा कसे असतात हे रुग्णालयात फक्त तुम्हालाच माहीत असतं.

घरी आल्यावरही धीर धरा. पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. अनेकांना तेव्हाचं आठवतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. सुनेला शिवी दिली, कपडे काढले, हे त्यांना सलत राहतं. घरात त्याची नक्कल करून हसू नका. "ते आजाराने बोलत होतं, तुम्ही नाही," हे एकदा नीट सांगा.

आणि रुग्णालयांनी?

माझ्या मागण्या महाग नाहीत. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक दाखल रुग्णाची रोज डिलिरियमसाठी तपासणी करा, तिला दोन-चार मिनिटं लागतात. ताप आणि नाडीच्या तक्त्यात तिची नोंद असू द्या. बांधण्यासाठी लेखी आदेश आणि मुदत सक्तीची करा. लघवीची नळी आजही लागते का, हे रोज विचारा. तब्येत परवानगी देत असेल तर रात्री अकरा ते पाच सुया आणि स्पंज थांबवा. एका नातेवाईकाला आत बसू द्या आणि काय करायचं ते शिकवा.

तुमच्या घरचं कुणी दाखल असेल तर काउंटरवर डिपॉझिट भरताना दोन प्रश्न विचारा : "इथे रुग्णाला बांधायचे नियम काय आहेत? आणि आमच्यापैकी एकाला जवळ कधी बसता येईल?" पहिल्या घराने विचारलं तर कपाळाला आठ्या पडतील. दहाव्या घराने विचारलं तर नियम लिहावे लागतील.